जरा थांब

पेट स्कॅनचा रिपोर्ट पिशवीत घालून आम्ही कोल्हापूरहून परतीच्या एसटीत बसलो, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मेली का गं ती?"

ती म्हणजे गाठ. अकरा वर्षांपूर्वी स्तनातून काढून टाकली होती, तिचीच पिलावळ आता कमरेच्या मणक्यात आणि खुब्याच्या हाडात जाऊन बसली आहे. रिपोर्टात नवीन काही दिसलं नव्हतं आणि जुनं होतं ते वाढलं नव्हतं. डॉक्टर 'स्टेबल' म्हणाले होते. मी म्हटलं, "मेली नाही आई. थांबलीय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मलकापूर मागे गेलं, आंबा घाट उतरला. साखरप्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "थांबलीय म्हणजे झोपलीय, की दबा धरून बसलीय?"

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याआधी पुण्यात एका प्रयोगशाळेत अडीच वर्षं पेशी वाढवण्याचं काम केलं, आणि त्या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्याच होत्या. या विषयावरची कितीतरी व्याख्यानं मी ऐकली आहेत. पण मूळ प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत कुणी मांडलेला मला आठवत नाही. तिला मी तेव्हा "बघू, डॉक्टरांना विचारू" असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नंतर स्वतःचीच लाज वाटली. म्हणून हे लिहायला बसले.

पेशीने विभागणं कायमचं बंद करायचं, पण मरायचं नाही, या अवस्थेला शास्त्रात सेनेसन्स म्हणतात. लॅटिनमधल्या म्हाताऱ्या माणसावरून आलेला शब्द. आपल्याकडे त्याचं भाषांतर पेशींचं वार्धक्य किंवा जरा असं होतं. वार्धक्य मला पटत नाही, कारण कालपरवा जन्मलेली पेशीसुद्धा चार दिवसांत या अवस्थेत जाऊ शकते. जरा हा शब्द मात्र मी ठेवून घेतला आहे, तो वेगळ्याच कारणाने. मराठीत जरा म्हणजे म्हातारपण आणि जरा म्हणजे थोडंसं. एक संस्कृतातून आला, दुसरा अरबी-फारसीकडून. दोघांत नातं काही नाही, उच्चारातला 'ज'सुद्धा वेगळा. पण लिहिताना अक्षरं तीच. 'जरा थांब' असं लिहिलं की दोन्ही अर्थ शेजारी येऊन बसतात. ही पेशी कायमची थांबली आहे की थोडा वेळ? आईचा प्रश्न तोच होता.

पुण्यात मी ज्या पेशी सांभाळायचे त्यांचं नाव एमसीएफ-७. मिशिगन कॅन्सर फाउंडेशन या नावाची आद्याक्षरं आणि सात म्हणजे सातवा प्रयत्न. डेट्रॉइटच्या त्या संस्थेत हर्बर्ट सूल आणि त्यांचे सहकारी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात जगवायला धडपडत होते. १९७० साली सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस नावाच्या ६९ वर्षांच्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्यांनी ज्या पेशी काढल्या, त्या जगल्या. सिस्टर त्याच वर्षी गेल्या. पेशी अजून जगतायत, जगभरच्या प्रयोगशाळांत, आणि एकेकाळी माझ्या हाताखाली. इस्ट्रोजेनचा संदेश टिपणारे ग्राहक या पेशींवर भरपूर असतात. आईच्या पहिल्या बायॉप्सीच्या रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह', म्हणजे हेच ग्राहक असलेली गाठ, असं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवल्या त्या सिस्टरच.

पेशी सांभाळणं हे रोज विरजण लावण्यासारखं काम आहे, सुटी नाही. पेशी ज्यात वाढतात तो द्रव म्हणजे मीडिया, कोकम सरबतासारखा गुलाबी. तो दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. तो पिवळट दिसला की समजायचं, पेशींनी खाऊन आम्ल साठवलंय, उशीर झाला. फ्लास्क भरला की पेशी सोडवून नव्या फ्लास्कात पातळ करून टाकायच्या. याला आम्ही पॅसेज म्हणायचो. रविवारी, दिवाळीत, गणपतीत कुणीतरी जाऊन पॅसेज करायचाच.

माझा प्रयोग साधा होता. एमसीएफ-७ पेशींना डॉक्सोरुबिसिन या औषधाची अगदी थोडी मात्रा द्यायची, मरणार नाहीत इतपत, आणि पुढे काय होतं ते बघायचं. हे औषध लालभडक असतं. पाच दिवसांत पेशी बदलायच्या. एरवी त्या दाटीवाटीने, एकमेकींना चिकटून बसतात. औषधानंतर एकेक सुटी होऊन पसरायची, तव्यावरच्या घावनासारखी, मधे केंद्रकाचा उंचवटा आणि कडेला पातळ होत गेलेली जाळीदार किनार. मग निळा रंग करायचा. १९९५ मध्ये गोबर्धन दिमरी, जुडिथ कँपिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खूण जगापुढे ठेवली. थांबलेल्या पेशीत एक विकर इतकं साठतं की सामू ६ ठेवला तरी त्याचं काम दिसून येतं आणि पेशी निळी होते. त्यासाठी पेशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवायच्या, पण नेहमीच्या कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये नाही, कारण त्या वायूने सामू उतरतो आणि चांगल्या पेशीही निळ्या दिसू लागतात. पहिल्या वेळी मी तीच चूक केली आणि अख्खी प्लेट निळी झाली. दुसऱ्या वेळी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा पांढऱ्या कपड्यावर निळीचे थेंब पडावेत तशा पेशी दिसल्या. फार सुंदर दिसतात त्या.

त्यानंतर वर्षभरात आईला गाठ निघाली. दुखत नव्हती, म्हणून तिने सहा महिने कुणाला सांगितलं नाही. शस्त्रक्रिया झाली, केमो ठरली. पहिल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टर ट्रेमध्ये मोठी सिरिंज घेऊन आल्या. बाकीच्या बायका त्याला लाल इंजेक्शन म्हणत होत्या. मी तो रंग ओळखला. आईच्या हातातल्या नळीतून तो हळूहळू वर सरकत होता आणि मला सारखं वाटत होतं की हिच्या आत आता कुठल्या पेशी मरतील, कुठल्या नुसत्याच थांबतील?

हे थांबणं माणसाला कसं कळलं, ती गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये नोबेलविजेते शल्यविशारद अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला. ती पेशींची वंशावळ पुढे चौतीस वर्षं चालू ठेवली गेली. त्यावरून सगळ्यांची खात्री झाली की पेशी मुळात अमर असतात, मरतं ते शरीर. मग फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक नावाच्या तरुणाच्या लक्षात आलं की त्याच्या मानवी पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट झाल्या की थांबतात. तोपर्यंत असं झालं की लोक स्वतःला दोष द्यायचे, मीडिया बिघडला असेल, हात स्वच्छ नसतील. हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी एक देखणा प्रयोग केला. पुरुषाच्या म्हाताऱ्या पेशी आणि स्त्रीच्या तरुण पेशी एकाच बाटलीत मिसळल्या. काही काळाने बाटलीत फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. पाणी तेच, अन्न तेच, हात तेच. म्हणजे मोजदाद पेशीच्या आत होती. ज्या नियतकालिकाकडे त्यांनी हा लेख आधी पाठवला तिथून तो परत आला. अखेर १९६१ मध्ये तो दुसरीकडे छापला गेला. कॅरेल यांच्या बाटलीत दर वेळी घालायच्या गर्भाच्या अर्कातून नव्या पेशी जात असाव्यात, असं हेफ्लिक यांचं म्हणणं होतं.

ही मोजदाद गुणसूत्रांच्या टोकांशी होते, हे पुढे उलगडलं. टोकाशी असलेला टेलोमिअर दर विभाजनाला थोडा झिजतो. फार आखूड झाला की पेशीला ते तुटलेल्या धाग्यासारखं वाटतं आणि ती थांबते. बहुतेक कर्करोग टेलोमरेज हे विकर पुन्हा चालू करून टोकं सांधत राहतात. सिस्टर कॅथरिन यांच्या पेशी इतकी वर्षं थकत नाहीत, त्या यामुळे.

इथे मला कमल रणदिवे यांच्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्याकडे या कामाचं नाव निघालं की परदेशातलीच नावं घेतली जातात, आणि मला ते सलतं. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलताई मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वसंत खानोलकर यांच्या हाताखाली आल्या आणि १९४९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विषय उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. मग त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ साली हेला पेशी जिथे वाढल्या, तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचं काय नातं आहे, हे त्या उंदरांवर तपासत राहिल्या. इस्ट्रोजेन आणि स्तनाची गाठ हा धागा आज कुठलाही डॉक्टर सहज बोलून जातो. त्या काळात तो हाताशी धरून एक मराठी बाई परळमध्ये कल्चर करत बसली होती. एअर कंडिशनर आणि तयार मीडिया नसताना तिथे पॅसेज कसे होत असतील, याचा विचार मी पुण्यातल्या हूडसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर, बसून कितीदा केला असेल. पुढे १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघ उभा केला आणि निवृत्तीनंतर अकोले तालुक्यात आदिवासी बायामुलांच्या पोषणाचं काम केलं.

तर, थांबणं. १९९७ मध्ये मॅन्युएल सेरानो, स्कॉट लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी पेशींत रास नावाचं कर्करोगजनक जनुक घातलं. पेशी बेफाम वाढतील अशी कुणाचीही अपेक्षा. त्या थांबल्या. पी-५३ आणि पी-१६ ही दोन प्रथिनं आत साठली आणि पेशीने स्वतःला कुलूप घातलं. म्हणजे हे थांबणं नुसतं झिजणं नव्हतं, तो बचाव होता. २००५ साली ती गोष्ट माणसाच्या अंगावरच दाखवली गेली, तिळांमध्ये. बऱ्याच तिळांतल्या पेशींत बीराफ या जनुकाची तीच बिघडलेली प्रत असते जी मेलॅनोमा या त्वचेच्या भयंकर कर्करोगात सापडते. तिच्या जोरावर त्या थोड्या वाढतात आणि मग दशकानुदशकं तशाच राहतात. आईच्या हनुवटीवर एक तीळ आहे. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्याला बोट लावत बसायचे. तिच्या लग्नाच्या फोटोत तो जेवढा आहे तेवढाच आजही आहे. हे वाचल्यापासून मला तो तीळ वेगळा दिसतो. निघालेली आणि वाटेत थांबवलेली एक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षं बसून आहे.

मग थांबणं जर एवढं चांगलं, तर वय वाढेल तसा स्तनाचा कर्करोग का वाढतो? थांबलेल्या पेशीही वयाबरोबर साठतच जातात की.

याचं उत्तर मला आजीच्या आढीत सापडतं. राजापूरजवळच्या आमच्या घरी वैशाखात माजघराच्या कोपऱ्यात पेंढ्याची आढी असायची. आजी रोज संध्याकाळी ती परतायची. कंदील शेजारी, गुडघ्यावर बसून, एकेक आंबा हातात घेऊन, देठाशी अंगठ्याने हलकेच दाबून. डाग धरलेला, पिचपिचीत झालेला बाजूला. मी विचारायचे, "एकच तर नासलाय, राहू दे ना." ती म्हणायची, "एक राहिला तर उद्या चार."

थांबलेली पेशी अशीच गप्प बसत नाही. कँपिसी यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये दाखवलं की थांबलेल्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या, म्हणजे अवयवांना आधार देणारी जाळी विणणाऱ्या पेशींच्या, सोबतीत कर्करोगाच्या वाटेवर असलेल्या पेशी जोमाने वाढतात. शेजारच्या निरोगी पेशींवर मात्र तसा परिणाम होत नाही. २००८ साली त्या पेशी काय काय बाहेर टाकतात याची यादीच आली. आयएल-६, आयएल-८ सारखे दाहाचे निरोप, आजूबाजूची जाळी विरघळवणारी विकरं, वाढीचे घटक. त्यांच्यामुळे शेजारची चांगली पेशीही थांबू शकते, हेही पुढे कळलं. मुळात हे निरोप वाईट हेतूचे नाहीत. ती हाक असते, या आणि मला उचलून न्या. रोगप्रतिकारक पेशी येतात आणि उचलतात. जखम भरतानाही थांबलेल्या पेशींची मदत लागते. त्या काढून टाकलेल्या उंदरांची जखम उशिरा भरते. त्रास होतो तो आढी परतणारा हात म्हातारा झाल्यावर. हाक चालू राहते, उचलायला कुणी येत नाही आणि आजूबाजूचं सगळं आंबत जातं. स्तनात दूधवाहिन्यांच्या भोवती फायब्रोब्लास्टचा पेंढाच तर असतो. साठीच्या बाईच्या स्तनात एखादी बिघडलेली पेशी जागी झाली, तर तिला तिशीतल्यापेक्षा वेगळाच शेजार मिळतो.

केमोनंतर वर्षभर आई दमलेली होती. विहिरीवरून एक कळशी आणून ती ओट्यावर टेकायची आणि तिथेच बसायची. केस आले, भूक आली, रिपोर्ट चांगले आले, पण थकवा जाईना. नातेवाईक म्हणायचे, "आता झालं ना सगळं?" एकदा मीही म्हणाले, "आई, थोडं मनावर घे." हे वाक्य मला परत घेता येत नाही. २०१७ मध्ये मार्को डेमारिया, कँपिसी आणि इतरांचा एक शोधनिबंध वाचला. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांनी उंदरांच्या निरोगी अवयवांतही थांबलेल्या पेशी साठतात. ते उंदीर चाकावर धावेनासे होतात. थांबलेल्या पेशी काढून टाकल्या की ते पुन्हा बरेच धावू लागतात. आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या बायकांच्या रक्तातल्या टी-पेशींत, म्हणजे एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींत, केमोआधीच पी-१६ जास्त होतं, त्यांना केमोनंतर थकवा जास्त आला. ते वाचून मी आईला फोन केला आणि म्हटलं, "तू खरंच दमली होतीस." ती म्हणाली, "मग मी काय सांगत होते?"

थांबलेल्या पेशी वेचून मारणाऱ्या औषधांची कल्पना २०१५ पासून जोरात आहे. दासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आणि क्वेर्सेटिन हे कांद्यात-सफरचंदात असणारं द्रव्य, ही जोडी त्यातली पहिली. एका नातेवाइकाने त्यावरून क्वेर्सेटिनच्या गोळ्यांची जाहिरात पाठवली. मी आईला स्पष्ट सांगितलं, कांदा भाकरीबरोबर हवा तेवढा खा, गोळी नको. माणसांवरच्या चाचण्या लहान आहेत, चालू आहेत, आणि चालू उपचारात मनाने काही घालणं धोक्याचं आहे. या बाबतीत मी कडक आहे.

आता तिची गोळी. गेल्या वर्षी कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला आणि सगळं उघड झालं, तेव्हापासून ती दोन औषधं घेते. रोज एक लेट्रोझोल, आणि पालबोसिक्लिब सलग एकवीस दिवस, मग सात दिवस सुटी. पेशी विभागणीकडे निघते तेव्हा तिच्या वाटेत आरबी नावाचं प्रथिन दाराला अडसर लावून बसलेलं असतं. सीडीके-४ आणि सीडीके-६ हे दोन हात तो अडसर काढतात. इस्ट्रोजेन मिळालं की स्तनाच्या पेशीत या हातांना बळ देणारं सायक्लिन-डी१ वाढतं, म्हणून लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन तयार होणंच रोखतं. आणि निरोगी पेशीत त्या हातांना धरून ठेवण्याचं काम कोण करतं? पी-१६. तेच, जे पेशीला थांबवतं.

सिस्टर कॅथरिन यांच्या पेशींत पी-१६ चं जनुकच नाही, गळून गेलेलं आहे. आईची गोळी ते काम बाहेरून करते. मी पुण्यात पेशी थांबवायला लाल विष घालत होते. तेव्हाच दुसरीकडे कुणीतरी या नैसर्गिक थांब्याची नक्कल गोळीत भरत होतं. २०१५ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ६६६ बायकांवरच्या एका चाचणीत नुसत्या लेट्रोझोलवर रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यम काळ १४.५ महिने होता, पालबोसिक्लिब जोडल्यावर तो २४.८ महिने झाला. एकूण आयुष्य वाढल्याचं मात्र त्या चाचणीत पक्कं सिद्ध झालं नाही. त्याच कुळातल्या रायबोसिक्लिबने ते करून दाखवलं, पण आईच्या हृदयाच्या ठोक्यांचं जुनं दुखणं पाहून डॉक्टरांनी ते टाळलं. २०२३ च्या सुरुवातीला पालबोसिक्लिबचं इथलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, म्हणून आम्हाला हे परवडतं. त्याआधी परवडलं नसतं, हेही लिहून ठेवते.

आणि तो प्रश्न. झोपलीय की दबा धरून?

पुण्यात एकदा मी निळ्या झालेल्या पेशींची जोडीची प्लेट रंग न करता तशीच चालू ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात घावनांच्या मधोमध मला वीस-पंचवीस लहान पेशींची दाट वस्ती दिसली. सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "या मुळात थांबल्याच नव्हत्या, की थांबून पुन्हा निघाल्या?" आमच्या प्लेटवरून ते सांगणं शक्य नव्हतं. पुढे २०१८ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी लिम्फोमा या रक्तपेशींच्या कर्करोगाच्या पेशींत दाखवलं की थांबलेल्या पेशीचं कुलूप मुद्दाम उघडलं तर ती आधीपेक्षा जास्त आक्रमक होऊन निघू शकते. दबा धरण्याचा प्रकार याहून निराळा. स्तनातून सुटलेल्या काही पेशी हाडांच्या मगजात जाऊन निद्रिस्त होतात. त्यांना कुलूप नसतं, फक्त दार लोटलेलं असतं. ईआर पॉझिटिव्ह कर्करोग पाच वर्षांच्या गोळ्या संपल्यावरही पुढची पंधरा वर्षं थोडा थोडा परतत राहतो, हे ६२,९२३ बायकांच्या नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये मांडलं गेलं. आई त्या आलेखावरच्या एखाद्या ठिपक्यासारखी, अकराव्या वर्षी.

पालबोसिक्लिबने थांबलेल्या पेशी कुठल्या जातीच्या? दोन्ही. प्रयोगशाळेत काही पेशी पसरतात, निळ्या होतात, औषध काढलं तरी परतत नाहीत. काही नुसत्या खोळंबलेल्या असतात आणि औषध गेलं की चालू लागतात. शिवाय तिच्या हाडात, त्याच गाठीच्या शेजारी, मगजातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी आहेत. त्यांनाही सीडीके-६ लागतं. त्याही थांबतात, पांढऱ्या पेशी खाली येतात. पण त्या जरा वेळ थांबतात, मराठीतल्या दुसऱ्या अर्थाने. सात दिवसांची सुटी त्यांच्यासाठी आहे. त्या आठवड्यात त्यांनी उठावं आणि शेजारणीने उठू नये, एवढ्यावर आमचं सगळं चाललं आहे.

हे मी आईला या रविवारी सांगितलं, कागदावर दार आणि अडसर काढून. तिने चष्मा लावून बघितलं. "म्हणजे दोघी एकाच खोलीत झोपल्यात," ती म्हणाली, "आणि एकीलाच उठवायचंय." मी हो म्हटलं.

तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. गोळीच्या दिवसांवर ती पेनाने एक ते एकवीस आकडे घालते, सुटीच्या दिवसांवर शून्य. गेल्या महिन्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली होत्या, सातऐवजी दहा शून्यं झाली. सोमवारी सकाळी रक्त दिलं. दुपारी लॅबमधून फोन आला. १,३८०. मी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी आज चालू करा म्हणून सांगितलं.

आईने जेवण उरकलं, पेन शोधलं, भिंतीशी गेली आणि त्या दिवसाच्या चौकोनात एक आकडा घातला. मग म्हणाली, "पाणी दे गं."